अकरा वेळा 'खाजगी'

प्रिय टिटवी,

हो, घेते मी गोळ्या. माझ्याच घेते. दोनच घेते. पोटात काहीतरी गेल्यावर घेते, वर पेलाभर पाणी पिते, आणि गुडघ्याची ती लाल गोळी बंद म्हणजे बंद, दुकानदारानं फुकट दिली तरी घेणार नाही. झालं समाधान? तू विचारलं नाहीस, ठाऊक आहे मला. रविवारी आलीस, तासभर बसलीस, माझ्या शिलाई मशीनला तेल घातलंस, नळ का गळतो ते बघितलंस, तुझ्या बापाच्या चष्म्याचं रडगाणं सांगितलंस, सगळं बोललीस आणि तेवढं एक विचारलं नाहीस. पण पाणी प्यायला उठलीस तेव्हा फडताळाच्या वरच्या कप्प्याकडे बघून घेतलंस. माझ्या पाठीला डोळे आहेत. तीस वर्षं कारखान्यात काढलीत मी, सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला की मान न वळवता कळायचं.

आणि त्याच रविवारी, बिस्कीट चहात बुडवता बुडवता म्हणालीस की काकू, एक तारखेपासून मला वॉर्डातून काढून खाली तळघरातल्या औषधांच्या गोदामात टाकलंय. बरंच झालं, पायांना आराम, असंही म्हणालीस. आणि हसलीस. ते बिस्कीट तुटून चहात पडलं आणि तू चमच्यानं काढत बसलीस, वर काही बघितलं नाहीस. मला वाटलं, बदली असेल, सगळ्यांची होते. मूर्ख मी. मंगळवारी रक्त तपासायला आले तर तुमच्या मोठ्या सिस्टरनं मला लिफ्टपाशी गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. तिला बोल लावू नकोस. तिला माझ्याइतकाच राग आलाय, फक्त तिला नोकरी टिकवायची आहे म्हणून ती हळू आवाजात रागावते. मला कोण काढतंय?

तेव्हापासून डोकं तडकलंय. दोन दिवस झाले, मशीनवर बसले की दोरा तुटतो, इतक्या जोरात पाय पडतो.

पहिला राग तुमच्या वेळा मोजायला आलेल्या त्या तीन पेनवाल्यावर. नाव मला माहीत नाही आणि करूनही घ्यायचं नाही. शर्टाच्या खिशाला तीन पेनं, आणि मी तुमच्या वॉर्डात पडून होते त्या अकरा दिवसांत त्यातलं एकही बाहेर निघालेलं मी बघितलं नाही. लिहायचं काम त्यानं तुमच्याच गळ्यात मारलं होतं ना. वॉर्डावॉर्डात गोळ्या-औषधं तपासणाऱ्या तुम्हा औषधवाल्यांना ती डबी वाटली, काडेपेटीएवढी, खिशात ठेवायची, तिच्या मनाला येईल तेव्हा चिवचिवणारी. चिवचिव झाली की या घटकेला आपण काय करत होतो त्या चौकटीत खूण करायची. केसपेपर तपासणं, डॉक्टरांशी बोलणं, पेशंटशी बोलणं, औषध आणायला जाणं, फोन, आणि सगळ्यात खाली 'खाजगी'. चौदा दिवस हा खेळ. त्यावरून म्हणे कळणार की तुमचा दिवस कुठे जातो. अरे बाबा, मग मला विचारायचं! नऊ नंबरच्या खाटेवर पडून मी दुसरं काय करत होते? छताला पंखा होता, तोही बंद. तुझ्याशिवाय बघायला होतं काय?

साडेआठला यायचीस. खांद्यावरची पर्स उतरायच्या आधी हातात फाइल. एकेका पानावरून बोट फिरवायचीस, मी शिवणीवरून फिरवते तसं. सुटलेला टाका डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. मग फोन. चार नंबरवालीची किडनी अर्धीच चालते, तिला डोस पूर्ण लिहिलाय, हे सांगायला तू डॉक्टरांना फोन करायचीस, पण बोलायचीस अशी की जणू चूक तुझीच. माझं काही चुकत असेल, जरा बघता का, असं. अगं, स्पष्ट सांग ना की चुकलाय म्हणून! मला खाटेवरून उठून फोन हिसकावून घ्यावासा वाटायचा. डॉक्टर म्हणायचे, येतो, बघतो. मग तू ती फाइल छातीशी धरून लिफ्टपाशी उभी, कारण त्यांची वाट तीच. एकदा मी मोजलं, लिफ्ट नऊ वेळा खालीवर झाली. तू हलली नाहीस. मग ते आले, दोन वाक्यं झाली, डोस अर्धा झाला, आणि चार नंबरवालीला आजवर पत्ता नाही की तिच्यासाठी कोणी नऊ लिफ्टा उभं होतं. त्या उभं राहण्याला चौकट कुठली होती? चालत नव्हतीस, बोलत नव्हतीस, लिहीत नव्हतीस. चिवचिव झाली असती तर काय खूण केली असतीस, खांब?

माझ्या शेजारच्या दहा नंबरच्या मास्तरीणबाई आठवतात? दम्याचा फवारा दोन महिने बिनचूक घेत होत्या, सकाळ-संध्याकाळ, वेळेवर, छातीवर! अंगाला अत्तर मारावं तसा. फवारा घेता का, हो. दोनदा घेता का, हो. सगळे 'हो' लिहून पुढे. तू खाटेच्या कडेला टेकलीस आणि म्हणालीस की बाई, मला शिकवा ना कसा घेता ते. शिकवायचं म्हटल्यावर मास्तरीण कशाला मागे राहते! ऐटीत झाकण काढून गळ्याखाली दोन फवारे मारून दाखवले. तू हसली नाहीस. मी हसले, तर हातातली सलाईनची सुई हलली आणि मलाच ओरडा बसला. आणि सात नंबरवालीच्या नाकातल्या नळीतून वॉर्डातली माणसं गोळी कुटून घालायला निघाली होती, तर तू अशी पळालीस की मला वाटलं आग लागली. त्या गोळीला म्हणे वरून कवच असतं, दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून. कुटली की दिवसाचं औषध एका घोटात. मग पातळ औषध वॉर्डात नव्हतं, म्हणून तू चार जिने खाली गेलीस आणि धापा टाकत वर आलीस. तुझं नाव आम्ही टिटवी ठेवलं ते उगाच नाही. आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते म्हणतात ना ती, तशी तू. फरक एवढाच की तुझ्या वॉर्डात आभाळ खरंच रोज दोन-चारदा पडायला येतं.

दुसरा राग तुझ्यावर. तो पहिल्यापेक्षा मोठा आहे, नीट बसून वाच.

तुला मी सांगितलं होतं की नाही कारखान्यातल्या घड्याळवाल्याचं? सांगितलं असेल, पण अर्धंच. पूर्ण कुणालाच सांगितलं नाही. तू लहानपणी शाळेतून थेट माझ्याकडे यायचीस, मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायचीस. त्याच्याही आधीची गोष्ट. आम्ही एका रांगेत चौदा बायका, मी कॉलर बसवायची, माझ्या डावीकडे खिसेवाली. एक दिवस एक जण गळ्यात घड्याळ अडकवून आला आणि आमच्या पाठीशी उभा राहिला. आधीच्या दिवशी डबा खाताना सगळ्यांचं ठरलं होतं की हात जरा आवरता घ्यायचा. घड्याळासमोर खरं वागायचं नसतं गं, हे शाळेत न गेलेल्या बाईलासुद्धा कळतं. तासाला पंचेचाळीस कॉलर व्हायच्या, चाळीस करून दाखवायच्या. आणि मी काय केलं? तो माझ्या मागे उभा राहिला आणि मला चढलं. बासष्ट केल्या. एका तासात बासष्ट, एकही वाकडी नाही. तो वा म्हणाला. मी मान वर करून खिसेवालीकडे बघितलं तर ती माझ्याकडे बघत नव्हती. पुढच्या सोमवारपासून सगळ्या रांगेला तासाला साठ. खिसेवालीची बोटं आधीच सुजलेली, तिला जमेना. तीन महिन्यांत ती गेली. जाताना मला म्हणाली, तुझा हात चांगला आहे हो. बस, एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वर्षभर मी डबा एकटीनं खाल्ला.

हे आत्ता का सांगते? तर मी घड्याळासमोर मिरवले आणि दुसरीचं वाटोळं केलं. तू घड्याळासमोर खाली मान घातलीस आणि स्वतःचं केलंस. दोघी सारख्याच गाढव. पण मला निदान कोणी तसं वागायला सांगितलं नव्हतं. तुला मी सांगितलं होतं. म्हणून तिसरा राग आहे तो, त्याच्याकडे येते. घाई करू नकोस.

मी शिवता शिवता घेरी येऊन मशीनवरच पडले, मला तुमच्याकडे आणून टाकलं, पोटात रक्त गेलंय असं निघालं. रक्त गोठायला हवा त्याच्या तिप्पट वेळ लागतोय आणि कारण सापडत नाही. डॉक्टरांनी विचारलं, दारू पिता का. मी म्हटलं, तुम्ही पाजणार असाल तर. त्यांना विनोद कळला नाही, त्यांनी लिव्हर लिहिलं. लिव्हर बिघडलं असणार, तर बाहेरून रक्तातलं काहीतरी भरायचं आणि मग लांब सुई घालून लिव्हरचा तुकडा काढून तपासायचा. सोमवार ठरला. दुसरी कुठली गोळी घेता का? नाही. तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलं, तिघांना नाही. चौथ्यानं तर 'आणखी काही नाही ना' असंच विचारलं, आणि मी मान हलवायच्या आधी लिहूनही टाकलं. तूही विचारलंस पहिल्या दिवशी. तुलाही नाही म्हटलं. तू तोंडाकडे बघितलंस आणि गेलीस.

मग तो शुक्रवार. सिस्टरनं सकाळच्या माझ्या दोन गोळ्या हातावर ठेवल्या, मी तोंडात टाकल्या, पाणी प्यायले आणि हात परत पुढे केला. मला कळलंही नाही. उघडा पंजा, तसाच हवेत. सिस्टर म्हणाली, झाल्या की आजी, दोनच आहेत. मी हात मागे घेतला. दहा नंबरच्या खाटेपाशी तू उभी होतीस, पाठमोरी. मला वाटलं तुला दिसलं नाही.

तुला दिसलं. तुलाच दिसायचं, दुसऱ्या कुणाला त्याचा अर्थ कळला नसता. तुझ्या काकांचा हात शेवटची चार वर्षं थरथरायचा. रक्त पातळ करायची ती बारीक गुलाबी गोळी त्यांच्या बोटांतून निसटायची, आणि मग आम्ही दोघं म्हातारे सकाळी सकाळी टेबलाखाली गुडघ्यांवर. त्यापेक्षा मीच हात पुढे करायची. ते डब्याचं झाकण उघडून माझ्या पंजावर उलटं करायचे, पाणी ओतून घ्यायचे आणि मग माझ्या हातावरून उचलायचे. आधी माझ्या दोन, मग त्यांची एक. चार वर्षं. तू कितीदा आमच्याकडे चहा पीत बसून हे बघितलं असशील.

त्या शुक्रवारी तू काही विचारलं नाहीस. स्टूल ओढून माझ्याजवळ येऊन बसलीस. नुसती. मी म्हटलं, जा, कामं नाहीत का. तू म्हणालीस, आहेत. आणि बसलीस. तुझ्या खिशात चिवचिव झाली, तू कागदावर खूण केलीस, परत बसलीस. मी नळाबद्दल बोलले, शेजारच्या कुत्र्याबद्दल बोलले, तुझ्या बापाबद्दल तर पोटभर बोलले. तू हं हं करत होतीस. दुपारी परत आलीस. परत चिवचिव. शनिवारी परत. मला इतका राग येत होता! माणसानं विचारलं तर खोटं तरी सांगता येतं. न विचारणाऱ्या माणसासमोर किती वेळ टिकायचं? शनिवारी दुपारी मी म्हटलं, ती गुलाबी. तू म्हणालीस, हं. मी म्हटलं, त्यांची उरलेली. तू म्हणालीस, कधीपासून गं काकू? आणि मग मी सांगितलं.

हात थरथरला तरी काका महिन्याचे चार डबे स्वतःच एकदम भरायचे ते तुला माहीत आहे. रविवार ते शनिवार सात घरं, असे चार डबे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जसा काही घड्याळजीच. दुसऱ्या डब्यातला मंगळवार घेऊन झाला आणि त्याच दिवशी ते गेले. बुधवारपासून पुढे सगळं भरलेलं. सात महिने ते डबे फडताळात वरच्या कप्प्यात होते, कुणाला टोचत नव्हते. मग तुझा बाप आला आवराआवर करायला. वहिनी, किती दिवस ठेवणार हे सगळं, म्हणत कपडे, चपला, दाढीचा ब्रश, सगळं पिशव्यांत कोंबलं, आणि ते डबेही उचलले. मी हातातून काढून घेतले. म्हटलं, भावजी, यात चांगल्या गोळ्या आहेत, वाया कशाला घालवायच्या. ते हसले. तो मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुधवारचं झाकण उघडलं.

पंधरा दिवस घेतल्या. वर गुडघ्याची लाल गोळी चालूच. त्या दोघींचं एकमेकींशी इतकं वाकडं आहे हे मला कोण सांगणार होतं? मी सातवी शिकलेली बाई. तू ऐकून घेतलंस, ओरडली नाहीस, उठून सरळ डॉक्टरांकडे गेलीस. या वेळी लिफ्टपाशी उभी राहिली नाहीस, त्यांच्या खोलीत घुसलीस म्हणे, सिस्टर सांगत होती. सोमवारची सुई रद्द. दुसरंच औषध सुरू झालं, तीन दिवसांत रक्त ठिकाणावर आलं. लिव्हर माझं ठणठणीत आहे, त्या डॉक्टरांना सांग, आता हवी तर पाजा. आणि तू माझ्या घरी जाऊन डबे आणलेस, शेवटच्या डब्यातल्या गुरुवार, शुक्रवार, शनिवार या तीन गोळ्या काढून घेतल्यास, आणि मग किती वेळ माझ्यापाशी बसून सांगत होतीस, कुठली गोळी कशाबरोबर नाही, शौचाचा रंग काळा दिसला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. त्याही वेळी चिवचिव. त्याही वेळी खूण.

आता तिसरा राग. तो माझ्यावर.

शनिवारी सगळं सांगून झाल्यावर मी तुझं मनगट धरलं आणि तुझ्याकडून वचन घेतलं, हे तुला आठवतंय, मलाही आठवतंय. डॉक्टरांना काय ते तोंडी सांग, पण मी मेलेल्या माणसाच्या गोळ्या खात होते हे कुठल्या कागदावर येता कामा नये. तुझ्या बापाच्या कानावर गेलं की दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात. वहिनींचं डोकं फिरलंय, वहिनी, आमच्याकडची मागची खोली रिकामीच आहे, मशीन विकून टाकू. काका गेल्यापासून ते तेवढ्यासाठीच टपून बसलेत. चांगुलपणानं टपलेत, पण टपलेत. मला माझ्या घरात राहायचं आहे. माझ्या मशीनवर, माझ्या गळक्या नळापाशी. म्हणून तू फाइलमध्ये, घरात असलेली रक्त पातळ करायची गोळी चुकून घेतली, एवढंच घालायला लावलंस, खाली सही डॉक्टरांची. माझ्यासाठी 'चुकून' शब्द शोधलास. तो मला तेव्हा फार आवडला होता.

पण त्या चिवचिवणाऱ्या कागदाचं मला काय माहीत! सिस्टरनं मंगळवारी सांगितलं. 'पेशंटशी बोलणं' या चौकटीत खूण केली तर पुढे लिहावं लागतं, कुठली खाट, कशाबद्दल, काय निघालं. ते लिहायचं नव्हतं तुला. म्हणून नऊ नंबरपाशी जितक्यांदा ती डबी वाजली, अकरा वेळा, वचनाआधीच्या खुणासुद्धा खोडून तू अकराही वेळा 'खाजगी' वर खूण केलीस. आणि त्या तीन पेनवाल्यानं बेरीज मांडली, या वॉर्डातल्या औषधवालीचा खाजगी वेळ इतरांच्या दुप्पट, म्हणजे हिला काम कमी, म्हणजे या वॉर्डाला स्वतःची औषधवाली लागतच नाही. फाइली खाली पाठवा, खालून तपासून येतील. अगं, खालून माझा पंजा दिसला असता का कुणाला? त्या फाइलमध्ये माझं लिव्हर खराब होतं, दारूसुद्धा असेल एखाद्या कोपऱ्यात! उद्या कोणी दुसरी म्हातारी त्या खाटेवर हात पुढे करून बसेल, तर तिच्यासमोर कोण बसणार आहे, तो पेनवाला?

आणि तू? सिस्टर म्हणाली की हरकत घ्यायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे आणि तू अर्ज केलेलाच नाहीस. कारण विचारलं तर म्हणालीस, माझ्या घरातलीच बाई होती ती, खाजगीच झालं ना. काय कमाल आहे! मी तुझी काकू आहे हे खरं, पण त्या दिवशी मी नऊ नंबर होते. काकूपाशी बसायला तू रविवारी येतेस, तेव्हा तुझ्या अंगावर तो पांढरा कोट नसतो, आणि तू कधी इतका वेळ गप्प बसत नाहीस. तुझ्या तोंडाला एरवी क्षणाची उसंत नसते. ते गप्प बसणं म्हणजे काम होतं. मी तीस वर्षं काम केलंय, मला काम दिसलं की कळतं. तू माझ्या एका शब्दापायी तळघरात खोकी मोजत बसायला तयार झालीस आणि मला चहात बिस्कीट बुडवून दाखवलंस. लाज नाही वाटली? खिसेवाली निदान एक वाक्य तरी बोलून गेली.

तर आता ऐक, हे पत्र कशासाठी लिहिलंय ते. आज गुरुवार. सकाळी आठला मी तुझ्या बापाला फोन केला आणि सगळं माझ्याच तोंडानं सांगितलं, दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी. मग म्हणाले, वहिनी, मी रविवारी येतो. येऊ देत. टेम्पो आणला तर त्यात त्यांनाच बसवून परत पाठवीन. मग दहाच्या गाडीनं तुमच्या हॉस्पिटलात गेले. तुला भेटले नाही, मुद्दामच. तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात जाऊन हरकतीचा अर्ज मागितला. कारकून म्हणाला, हा कर्मचाऱ्यांसाठी आहे. मी म्हटलं, मग नऊ नंबरची खाट कर्मचारी नाही का, अकरा दिवस तुमचंच काम करत होती. दिला त्यानं. मी माझ्या अक्षरात लिहिलं, माझ्या नावानं, खाटेच्या नंबरासकट, की त्या अकरा खुणा खोट्या आहेत, मी वचनात अडकवलं म्हणून तिनं तशा केल्या, ती त्या वेळी तिचं काम करत होती आणि त्या कामानं माझी सुई टळली. कारकून म्हणाला, ठेवून जा, बघू. मी म्हटलं, पोच दे, मी बसते. दोन तास बाकावर बसले. मिळाली पोच. सोबत जोडली आहे, पत्र आजच हातोहात पाठवतेय, हरवू नकोस. उद्या शुक्रवार आहे, तुझाही अर्ज जाऊ दे, आणि त्यात 'माझं काही चुकत असेल' हे शब्द दिसले तर मी येऊन फाडीन. ते काय ठरवतील ते ठरवोत. वचन मी परत घेतलंय, तू मोकळी आहेस. गोळ्यांचंही त्यात लिहिलं होतं, तर कारकून म्हणाला, का घेतल्या तेही लिहा. मी तिथं 'टाकवेनात' एवढंच लिहिलं. कारकुनानं मान वर करून विचारलं, म्हणजे महाग होत्या म्हणून का आजी? मी हो म्हटलं. तूही तसंच समज. डबे परत फडताळात आहेत, रिकामे आहेत, आलीस की चोरून बघू नकोस, उघडून बघ. पण त्याबद्दल मला काही विचारायचं नाही. स्टूल ओढून समोर गप्प बसलीस तरी नाही. यापुढे मी एक अक्षर सांगणार नाही.

तुझीच, आणि अजून स्वतःच्याच घरात असलेली,
काकू